ट्रकच्या पोटातली खाडी

मुंब्र्याच्या रेतीबंदरावरून निघालेला रेतीचा ट्रक मागून ओळखू यायचा. फाळक्याच्या फटींतून पाण्याची धार लागलेली असायची आणि रस्त्यावर ठाण्याच्या दिशेने ओली रेघ ओढली जायची. मागे कुणी स्कूटरवर असला, तर त्याच्या चष्म्यावर शिंतोडे उडायचे आणि ते सुकले की पांढरट ठिपके राहायचे. ते खाडीचं पाणी. काही रस्त्यावर सांडायचं, काही हौद्याच्या फळ्यांमधून झिरपून चासीवर उतरायचं आणि तिथेच वाळायचं. पाणी उडून जायचं, मीठ मागे राहायचं. खेपेमागून खेप, वर्षामागून वर्ष.

त्या पिढीतला एखादा ट्रक आज कुणा हौशी माणसाच्या हाती लागतो. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा फार्गो किंवा डॉज असेल, टाटा-मर्सिडीजचा लांब नाकाचा ट्रक असेल, नाहीतर लेलँडचा कॉमेट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली, अमेरिकेच्या क्रायस्लरशी हातमिळवणी केली आणि डॉज, डिसोटो, फार्गो अशा नावांचे ट्रक कुर्ल्यातून बाहेर पडू लागले. टाटांचा डेमलर-बेंझशी करार १९५४चा, तो १९६९पर्यंत चालला. या ट्रकांनी ठाणे, कल्याण आणि भिवंडीच्या रस्त्यांवर रेती, विटा, कापडाचे तागे, मासळी आणि मिठाची पोती वाहिली. प्रीमियरचा कारखाना पुढे डोंबिवलीजवळही उभा राहिला आणि नव्वदच्या दशकात तिथे प्यूजोच्या मोटारी जुळवल्या जाऊ लागल्या. म्हणजे या पट्ट्यात जुन्या वाहनांना जीव लावणारे हात आजही सापडतात, यात नवल नाही.

असा ट्रक नव्याने सजतो तेव्हा सगळ्यांची नजर त्याच्या तोंडावर असते. जाळी चकाकते, केबिनवर नवा रंग चढतो, फाळक्यावर पेंटर मोर काढतो. पण ट्रक टिकणार की नाही, हे ठरतं पोटाखाली. माझं म्हणणं एवढंच आहे, की पोटाला कुठला थर लावायचा हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, त्या पोटात मुरलेली खाडी बाहेर काढली का?

बरणीतलं मीठ

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू लागतो, हे शाळेत शिकतो. पण ओलं व्हायला पाऊस पडावाच लागतो असं नाही. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ व्हर्नन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हवेतल्या गंजण्यावर प्रयोग केले. स्वच्छ हवेत आर्द्रता वाढवली तरी घासून लख्ख केलेलं लोखंड फारसं गंजेना. त्याच हवेत गंधकाच्या धुराचा अंश मिसळल्यावर मात्र आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास पोचताच गंजाने एकदम वेग घेतला. ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ याच्या वरच असते. तेव्हा शेडमध्ये कोरडा उभा असलेला ट्रकसुद्धा कोरडा नसतो.

मिठाने हे गणित आणखी बिघडतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ ओलं होतं, म्हणून आपण त्यात तांदळाचे दाणे टाकतो. शुद्ध मीठ हवेत सुमारे ७५ टक्के आर्द्रता झाली की स्वतःच पाणी ओढून विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांच्या पुढेच पाणी खेचतं. म्हणून खडे मीठ लवकर पाझरतं. चासीच्या कोपऱ्यात सुकलेल्या खाडीच्या पाण्याचा थर म्हणजे अशीच एक उघडी बरणी आहे. ट्रकवर थेंब पडला नाही तरी ती हवेतून पाणी घेते आणि लोखंडाला खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवते. क्लोराइडचा आणखी एक दोष असा, की ते गंजात खर्ची पडत नाही. एक थर खाऊन झाला की तेच क्लोराइड पुढच्या थराला भिडतं.

थंड देशांत बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून तिकडची पुस्तकं रस्त्यावरच्या मिठाबद्दल बोलतात. आपल्याकडे मीठ मालातून आलं. वाऱ्याने येणारं मीठ किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की झपाट्याने कमी होतं. त्यामुळे ठाणे-कल्याणमध्ये समुद्राच्या वाऱ्यापेक्षा खाडीची रेती, मासळीच्या बर्फाचं पाणी, भरतीच्या वेळी तुंबलेले सखल रस्ते आणि मिठागरांचा माल यांचा वाटा मोठा. पन्नास वर्षं जुना ट्रक विकत घेताना त्याने आयुष्यभर काय वाहिलं, हे विचारणं इंजिनाबद्दल विचारण्याइतकंच मोलाचं आहे.

डोंबिवलीत भर पडते कारखान्यांच्या हवेची. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा डोंबिवलीला ७८च्या वर गुण मिळाले. सत्तरच्या पुढचा पट्टा अतिप्रदूषित धरला जातो. रासायनिक कारखान्यांतून निघणारी आम्लधर्मी वाफ दवात मिसळते आणि ते दव रात्री उघड्या पत्र्यावर बसतं.

किती लोखंड जातं? आंतरराष्ट्रीय मानकाच्या वर्गवारीत, म्हणजे आयएसओ ९२२३मध्ये, सर्वाधिक गंज असलेल्या नेहमीच्या गटात साध्या पोलादाचं पहिल्या वर्षातलं नुकसान ८० ते २०० मायक्रोमीटर धरतात. मिलिमीटरचा साधारण बारावा ते पाचवा हिस्सा. ट्रकची चासी पाच-सहा मिलिमीटरची, ती हे सोसते. केबिनचा पत्रा मिलिमीटरभरच असतो, तो सोसत नाही. म्हणून जुन्या ट्रकच्या केबिनच्या पायरीत पाय आरपार जातो आणि खालची चासी मात्र उभी राहते. पण ती नेमकी कुठे उभी आहे, हे बघावं लागतं.

हातोडी कुठे मारायची

खड्ड्यात उतरलेल्या जुन्या मिस्त्रीच्या हातात पहिल्यांदा टॉर्च नसते, छोटी हातोडी असते. चासीवर टकटक करत तो पुढून मागे सरकतो. चांगलं लोखंड ‘टण्ण’ वाजतं. सडलेलं लोखंड ‘भद्द’ आवाज देतं आणि त्याची पापुद्र्यांसकट खपली हातात येते. दोन आवाजांच्या मधला एक आवाज असतो, तो सगळ्यात फसवा. तिथे जाड रंगाखाली गंज बसलेला असतो.

मिस्त्री जिथे थांबतो त्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली, चासी आणि हौद्याच्या मधलं लाकूड. लाकडी हौदा चासीवर थेट बसत नाही, मध्ये लांब लाकडी तुळई असते आणि मोठे यू-बोल्ट ती आवळून धरतात. लाकूड पाणी पितं आणि महिनोन्महिने धरून ठेवतं. हौदा न उतरवता चासी रंगवणाऱ्याला ही जागा कधी दिसत नाही. वरून नवाकोरा आणि खालून काळाभोर दिसणारा ट्रक त्या फटीत मात्र जुनाच असतो.

दुसरी जागा, जिथे पत्र्यावर पत्रा आहे. आडव्या पट्ट्यांच्या टोकाला, कमानपाट्यांच्या शॅकलजवळ, रिव्हेट मारलेल्या जोडांत. लोखंडाचा गंज झाला की त्याचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापटही होतं. फटीत तो फुगतो आणि पाचर ठोकावी तसा दोन पत्र्यांना दूर करतो. रिव्हेट ताणतं, पत्रा पोळीसारखा फुगतो. रिव्हेटनी जोडलेल्या जुन्या लोखंडी पुलांचंही हेच दुखणं असतं. कल्याणकरांना वयस्कर लोखंडी पुलाची ताकद वेगळी सांगायला नको. ब्रिटिशकालीन पत्रीपूल धोकादायक ठरल्याने २०१८च्या नोव्हेंबरात उतरवला आणि नवा पूल २०२१च्या जानेवारीत खुला झाला. मधली सव्वादोन वर्षं वाहतुकीच्या कोंडीत गेली. वर रंग असला तरी जोडांच्या आत काय चाललंय ते दिसत नाही, हे पुलालाही लागू आणि ट्रकलाही.

तिसरी जागा, चिखलाचे खिसे. मडगार्डच्या आतली कड, डिझेलच्या टाकीचा पट्टा, बॅटरीची पेटी, केबिनच्या खालची घडी. चाकांनी उडवलेला चिखल इथे साचतो आणि स्पंजासारखा ओल धरतो. बाहेरून वाळलेला दिसतो, आतून ओला असतो. टाकीच्या पट्ट्याखाली पूर्वी जाड कापड घालायचे. तेच कापड खाऱ्या पाण्याने भिजलं, तर टाकीला गोल कंबरपट्ट्यासारखा गंज चढतो.

आधी धुणं

इथे बरेच जण घाई करतात. वायर ब्रश फिरवला, पॉलिश पेपर मारला, रेड ऑक्साइडचा हात दिला आणि वर काळा रंग. वर्षभरात त्या रंगावर बारीक फोड येतात. फोड फोडला तर आतून पाणी निघतं. हे पाणी कुठून आलं? कुठलाही रंग पाण्याच्या वाफेला पूर्ण अडवत नाही. रंगाखाली मीठ उरलं असेल, तर ते बाहेरची ओल रंगातून आत ओढतं, जशी कैरीच्या फोडींना मीठ लावलं की त्यांना पाणी सुटतं. खाडी रंगाखाली जिवंत राहते.

म्हणून चासी उघडी झाली की पहिलं काम धुण्याचं. एकदा नव्हे, तीन-चार वेळा, गोड्या पाण्याने. मध्ये वाळवायचं आणि पुन्हा धुवायचं, कारण खड्ड्यांतल्या गंजात अडकलेलं मीठ एका फटक्यात सुटत नाही. पाणी कुठलं आहे तेही बघावं. खाडीलगतच्या बोअरवेलचं पाणी मचूळ असू शकतं. त्याने धुणं म्हणजे खाडीनेच खाडी धुणं.

मीठ गेलं की नाही, हे कसं कळणार? जुने मिस्त्री ओघळणाऱ्या पाण्याचा थेंब जिभेला लावून सांगायचे, ‘अजून खारं लागतंय, शेठ.’ जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा ही परीक्षा त्यांच्यावरच सोडावी. घरातल्या शुद्धीकरण यंत्राचं पाणी तपासायला वापरतात ती टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारी, छोटी पेनासारखी कांडी पुरते. आधी नळाचं पाणी मोजा. मग चासीवरून ओघळलेलं पाणी स्वच्छ वाटीत झेला आणि मोजा. नळाचं ९० दाखवत असेल आणि चासीचं ४००, तर अजून धुणं बाकी आहे. दोन आकडे जवळ आले की पुढे जायचं.

मग गंज काढणं. जाड चासीला ब्लास्टिंग, म्हणजे दाबाने कणांचा मारा, उत्तम. मात्र नदीची वाळू वापरू नये, तिची धूळ फुप्फुसात सिलिकोसिस करते. गार्नेट किंवा पोलादी दाणे वापरतात. केबिनच्या पातळ पत्र्याला ब्लास्टिंगचा जोर सोसत नाही, तो वाकडा होतो. तिथे हातानेच घासावं, तेही ओलं ठेवून आणि तोंडावर मास्क लावून.

जिथे कोपऱ्यातला गंज कशानेच निघत नाही, तिथे रस्ट कन्व्हर्टर लावतात. काहींत फॉस्फोरिक आम्ल असतं, काहींत टॅनिक. टॅनिन गंजातल्या लोखंडाशी जुळलं की निळसर काळा, घट्ट संयुग बनतं. ही रसायनविद्या आपल्याला परकी नाही. सह्याद्रीतल्या हिरड्यात टॅनिन भरपूर असतं, आणि हिरडा व लोखंडाच्या क्षारांपासून पूर्वी काळी शाई करायचे. त्या शाईचा आणि गंजावरच्या या काळ्या थराचा रंग एकाच रसायनातून येतो. पण शाईसारखाच हा थरही पातळ असतो. सैल पापुद्र्यांवर तो टिकत नाही आणि मिठाला हात लावत नाही.

रंगाची वेळ आणि रंगाची जात

ब्लास्टिंगनंतर उघडं पोलाद रुपेरी दिसतं, पण तो थोड्या तासांचा पाहुणा. दमट हवेत तासाभरात त्यावर पिवळसर झाक येते. म्हणून प्रायमर त्याच दिवशी लागला पाहिजे. लोखंड हवेच्या दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी उबदार असावं, असा रंगकामातला दंडक आहे. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २७ अंशांवर असतो. सकाळी सावलीतल्या गॅरेजमध्ये चासी २८ अंशांवर असली, तर डोळ्यांना न दिसणारी ओल तिच्यावर असू शकते. तेव्हा ठाण्यात रंगाचं काम नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत, ऊन वर आल्यावर करावं. जूनमध्ये ‘उरकून टाकू’ म्हणणारा पुढच्या जूनमध्ये पुन्हा येतो.

आता प्रायमर. रेड ऑक्साइड म्हणजे आयर्न ऑक्साइडचं दळलेलं रंगद्रव्य, गंजाच्याच जातीचं. ते लोखंडाला झाकतं, पण गंजाशी लढत नाही. लढण्याचं काम त्यात मिसळलेलं झिंक फॉस्फेट करतं. घेताना डब्यावर ते आहे का, हे वाचावं. पूर्वी जहाजांवर आणि पुलांवर शेंदूर लावायचे. मारुतीला लागतो तोच शेंदूर, म्हणजे शिशाचं ऑक्साइड. अळशीच्या तेलात घोटला की त्याचे साबणासारखे क्षार होतात आणि ते गंजाला रोखतात. गुण मोठा, पण शिसं विषारी. म्हणून आज त्याच्या जागी जस्त आणि इपॉक्सी आले.

जस्ताचा प्रायमर वेगळ्या तत्त्वावर चालतो. त्यात जस्ताची पूड इतकी ठासून भरलेली असते की तिचे कण एकमेकांना आणि लोखंडाला टेकतात. ओल आली की आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. पण हे जस्त उघड्या, ब्लास्ट केलेल्या लोखंडालाच लागलं पाहिजे. गंजावर लावलं, तर मध्ये गंजाची भिंत येते आणि जस्त हातावर हात ठेवून बसतं. त्यावर इपॉक्सीचे दोन हात, मग हवा तर काळा पॉलियुरेथेन. इपॉक्सी उन्हात पांढुरकी पडते, पण चासीला ऊन कुठे लागतं?

बोल्ट बदलताना एक मोह टाळावा. चकचकीत स्टेनलेस बोल्ट लावले की त्यांच्याभोवतीचं साधं लोखंड लवकर गंजू शकतं, कारण दोन धातू ओल्या फटीत एकत्र आले की कमी प्रतीचा झिजतो. जस्ताचा मुलामा दिलेले साधे बोल्ट बरे.

काळा थर आणि जळकं ऑइल

पावसाळ्याच्या तोंडावर गॅरेजबाहेर अंडरबॉडी कोटिंगचे फलक लागतात. त्यातला बराचसा माल डांबर आणि रबराचा. नवाकोरा असताना तो दगड, पाणी, चिखल सगळं झेलतो. पण काही वर्षांत कडक होतो, तडकतो आणि तड्यांतून गेलेलं पाणी थराखाली अडकून बसतं. बाहेर काळंभोर, आत भुगा. मी स्वतः असा एक थर बोटाने उचकटलाय. लोण्यासारखा सुटला आणि त्याच्या मागच्या बाजूला चासीचा तपकिरी छाप होता, ठशासारखा स्पष्ट. तो थर स्वच्छ, रंगवलेल्या चासीवर लागला असता, तर चाललं असतं. गंजावर लागला म्हणून त्याने गंज झाकायचंच काम केलं.

त्यापेक्षा मऊ राहणारा थर बरा. मेणाचे किंवा लॅनोलिनचे थर कडक होत नाहीत. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं स्निग्ध द्रव्य, मेंढीला पावसात कोरडं ठेवणारं. ओरखडा पडला तर ते सरकून पुन्हा मिटतं. दरवर्षी थोडं पुन्हा लावावं लागतं, आणि तोच त्याचा गुण. लावायला खाली जाणारा माणूस आपसूक वर्षातून एकदा सगळं पाहून येतो.

मालवाहतुकीत जुनी सवय जळक्या ऑइलची. पावसाळ्याआधी पोटाला फवारा मारायचा, दोन-तीन आठवडे पाणी ओघळून जातं. पण त्या तेलात इंजिनातली आम्लं आणि काजळी असते, त्याने रबरी बुशांना आणि ब्रेकच्या नळ्यांना सूज येते, धूळ चिकटून नवा चिखल तयार होतो. धुऊन निघालेलं तेल पहिल्या पावसात नाल्यातून खाडीत जातं. वापरलेलं तेल २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांत मोडतं. ट्रकमधली खाडी काढताना खाडीत तेल सोडू नये, एवढा हिशेब तरी ठेवावा.

वर्षाचं वेळापत्रक

पूर्वी कोकणपट्टीत पावसाच्या आधी घरं शाकारायचे, आणि किनाऱ्यावर ओढलेल्या होड्याही झापांनी झाकायचे. पाऊस गेला की होड्या उघडून, तपासून पुन्हा पाण्यात. जुन्या ट्रकचं वर्षही तसंच लावावं.

आपल्याकडे २०२१च्या केंद्रीय नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण ती वैयक्तिक वापराच्या दुचाकी-चारचाकींपुरती आहे. मालट्रक सजवणाऱ्याला कागदांचा रस्ता आधी आरटीओत विचारून घ्यावा लागतो. कागद काहीही असोत, असा ट्रक धावतो कमी आणि उभा जास्त राहतो, आणि उभ्या गाडीला गंज जास्त लागतो. म्हणून तो मातीवर किंवा गवतावर ठेवू नये, काँक्रिटवर ठेवावा. प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळू नये, आतली वाफ तिच्यातच फिरते. वर छप्पर आणि बाजूने वारा पुरतो. पाणी जायची भोकं तारेने मोकळी ठेवावी. पावसाळा सोडून महिन्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर फिरवावा, म्हणजे ब्रेक, एक्सल आणि सायलेन्सर तापून वाळतात.

मेमध्ये पाहणी, ठरावीक दहा जागांचे मोबाइलवर फोटो आणि मेणाचा हात. पावसाळ्यात शक्यतो मुक्काम. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा धुणं, आणि ओघळलेल्या पाण्याचा आकडा वहीत. पहिल्या वर्षी तो मोठा येतो. हौद्याच्या लाकडातून, रिव्हेटच्या फटींतून जुनं मीठ हळूहळू बाहेर येत राहतं. दुसऱ्या वर्षी कमी, तिसऱ्या वर्षी आणखी कमी. ज्या ऑक्टोबरात तो आकडा नळाच्या पाण्याशी येऊन टेकतो, त्या दिवशी पन्नास वर्षांपूर्वी रेतीबंदरावर भरलेली खेप खऱ्या अर्थाने रिकामी झाली असं समजावं.